सिस्टरचा पगार

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात अख्खं गणगोत भरलेलं असतं. फरशी पुसणारी मावशी, स्ट्रेचर ढकलणारा मामा, सलाइन लावणारी सिस्टर आणि नर्सिंग शिकलेला मुलगा असेल तर ब्रदर. डॉक्टर तेवढे डॉक्टरच राहतात, त्यांना कोणी काका म्हणत नाही. मावशी आणि मामा आपल्या घरातून वॉर्डात आले. सिस्टर मात्र कॉन्व्हेंटमधून आली. युरोपात शेकडो वर्षं आजाऱ्यांची शुश्रूषा प्रामुख्याने व्रतस्थ जोगिणींनी केली, त्यांना सिस्टर म्हणत, आणि जोगीण नसलेल्या बाईने ते काम हाती घेतलं तेव्हा हाकही तिच्याकडे आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४मध्ये क्रिमियाच्या युद्धावर निघाली तेव्हा तिच्याबरोबरच्या ३८ जणींत दहा कॅथलिक जोगिणी होत्या.

आपल्या सरकारने इंग्रजी हुद्द्यांची मराठी नावं केली, तीही त्याच वळणावर गेली. मेट्रन झाली अधिसेविका, वॉर्डाची इनचार्ज झाली परिसेविका. सेवा हा शब्द थेट हुद्द्यातच बसला. यात बिघडलं काहीच नाही; फक्त नात्याच्या माणसाकडे आणि सेवा करणाऱ्याकडे पगाराची गोष्ट काढायला अवघड वाटतं, आणि त्यांनी ती आपण होऊन काढली तर ऐकणाऱ्याला ती खटकते. ‘सेवेचा धंदा मांडलाय’ हे वाक्य नर्सच्या संपाच्या वेळी हमखास ऐकू येतं. सिमेंटच्या कारखान्यात संप झाला तर असं कोणी म्हणत नाही.

गंमत अशी की, ज्या कॅथलिक परंपरेने नर्सला सिस्टर हे नाव दिलं, त्याच परंपरेने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मजुरी, संघटना आणि श्रमाची प्रतिष्ठा यांवर भरपूर लिहून ठेवलं आहे. त्याला कॅथलिक सामाजिक विचार म्हणतात. त्याची सुरुवात दवाखान्यात झाली नाही, गिरण्या-कारखान्यांत झाली. दवाखान्यात तो पोहोचला तो जरा उशिरा, आणि पोहोचला तेव्हा चर्चच्याच काही संस्थांची पंचाईत झाली.

मुळात हा पेच सोळाव्या शतकातला आहे. कमिलस दे लेलिस नावाचा एक धिप्पाड इटालियन शिपाई होता. जन्म १५५०चा. पायाला न भरणारी जखम आणि हाताला जुगाराचं व्यसन, असा दुहेरी आजार. जखमेवर उपचार घ्यायला तो रोममधल्या सान जाकोमो रुग्णालयात गेला, तिथेच हरकाम्या म्हणून राहिला आणि जुगारापायी हाकलला गेला. पुढे सगळं हरून बसल्यावर एका मठाच्या बांधकामावर मजुरी करताना त्याचं मन पालटलं. तो पुन्हा त्याच रुग्णालयात आला आणि यथावकाश तिथला व्यवस्थापक झाला. आता पलीकडच्या बाजूने पाहताना त्याला दिसलं की, पोटासाठी ठेवलेले नोकर रोग्यांकडे ढुंकून पाहत नाहीत. मरणाऱ्याला पाणी मिळत नाही, घाण तशीच पडून राहते. १५८२च्या सुमारास त्याच्या डोक्यात विचार आला: पैशासाठी नव्हे, तर देवासाठी हे काम करणारी माणसं गोळा करायची. त्यातून जो संघ उभा राहिला, त्याच्या काळ्या झग्यावर लाल क्रूस होता. रेडक्रॉसच्या जन्माला तेव्हा पावणेतीनशे वर्षं अवकाश होता.

कमिलसचं निरीक्षण खरं होतं. पण त्यातून निघालेलं एक अनुमान पुढे फार सोयीचं ठरलं. पगारी माणूस हयगय करतो, म्हणून बिनपगारी माणूस चांगला. त्या नोकरांना किती पैसे मिळत, एकेका नोकराच्या वाट्याला किती रोगी येत, ते कुठे झोपत, हे प्रश्न त्या काळात कोणाला सुचण्यासारखे नव्हते.

ते सुचायला १८९१ साल उजाडावं लागलं. १५ मे रोजी तेरावे लिओ या एक्क्याऐंशी वर्षांच्या पोपनी ‘रेरुम नोवारुम’ नावाचं पत्र काढलं. पोप चर्चला उद्देशून अशी जाहीर पत्रं काढतात, त्यांना एन्सायक्लिकल म्हणतात. बहुतेक पत्रं धर्माच्या बाबतीतली असतात. हे कामगारांबद्दल होतं. त्यात समाजवादाला विरोध होता, खासगी मालमत्तेची बाजू होती, पण मालकवर्गाला झोंबेल असंही बरंच होतं. मालक आणि मजूर यांच्यात राजीखुशीने ठरला तो पगार न्याय्यच, हे पत्र मानत नाही. गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजुराने कमी पैशांवर मान डोलावली, तर तो करार नसून जबरदस्ती आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मजुरी एवढी हवी की काटकसरीने राहणाऱ्या माणसाचं पोट भरावं. शिवाय कामगारांनी संघटना कराव्यात, तो त्यांचा नैसर्गिक हक्क आहे.

याच लिओंनी पाच वर्षं आधी, १८८६मध्ये, कमिलसला रोग्यांचा आश्रयदाता संत म्हणून जाहीर केलं होतं. पुढे अकरावे पायस या पोपनी १९३०मध्ये त्याला नर्सेसचाही आश्रयदाता केलं आणि दुसऱ्याच वर्षी, ‘रेरुम नोवारुम’ला चाळीस वर्षं झाली म्हणून, श्रम आणि समाजरचनेवरचं दुसरं मोठं पत्र काढलं. दोन पोप, दोघांनी नर्सच्या संताला मान दिला आणि दोघांनी मजुरीवर लिहिलं. योगायोग म्हणून सोडून देता येईल, पण हे दोन कागद शेजारी ठेवून वाचायला रुग्णालयांच्या विश्वस्तांना बराच वेळ लागला, एवढं खरं.

या विचाराचा पाया म्हणजे माणसाची प्रतिष्ठा. ऐकायला मोघम वाटतं. वॉर्डात मात्र ती फार ठोस वस्तू आहे.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला स्पंज बाथ शिकवतात. खाटेभोवती पडदा ओढायचा, पंखा बंद करायचा, कोमट पाणी कोपराने तपासायचं. रोग्याच्या अंगावर चादर घालायची आणि तिच्याखालून कपडे काढायचे. मग एका वेळी एकच अवयव उघडा करायचा: एक हात पुसला, कोरडा केला, झाकला, मग दुसरा. पाठ पुसताना कुशीवर वळवायचं आणि माकडहाडाजवळ कातडी लाल पडली आहे का ते पाहायचं, कारण बेडसोरची सुरुवात तिथून होते. शुद्ध हरपलेला रोगी असला तरी ‘आजोबा, आता कुशीवर वळवते हं’ असं सांगून वळवायचं. त्याला ऐकू येत असेल-नसेल, सांगायचं. परीक्षेत याला मार्क असतात. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री एकटी नर्स असेल तेव्हा यातलं किती उरतं, हे वेगळं. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक साध्या रुग्णालयात पाच रोग्यांमागे एक नर्स आणि शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक, असा आहे. रोग्याची प्रतिष्ठा राखायला चादर, पडदा आणि पंधरा मिनिटं लागतात. चादर आणि पडदा मिळतात.

नुसती माया पुरते का, हा प्रश्न कॅथलिक जगातही विचारला गेला आहे. १९४८मध्ये मदर तेरेसा आपलं कॉन्व्हेंट सोडून बाहेर पडल्या आणि आधी पाटण्याच्या होली फॅमिली रुग्णालयात मेडिकल मिशन सिस्टर्सकडे प्राथमिक शुश्रूषा शिकायला गेल्या. आपल्या संघातल्या मुली मीठ-भातावर राहतील, गरिबांसारख्याच राहतील, असा त्यांचा बेत होता. पाटण्याच्या सिस्टर्सनी त्यांना बजावलं की असं केलंत तर पोरी क्षयाने मरतील, सेवा कोण करणार? मदर तेरेसांनी ऐकलं. ज्यांनी सांगितलं त्या स्वतः डॉक्टर आणि नर्स होत्या, उपाशी शरीराचं काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. पण पुढे त्यांच्या कालीघाटच्या निर्मल हृदय या मरणासन्नांसाठीच्या घरात शास्त्र मागे पडलं, अशी टीका झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी तिथे भेट देऊन १९९४मध्ये लिहिलं की, मरणासन्न रोग्यांना प्रभावी वेदनाशामकं मिळत नाहीत. कर्करोगाच्या कळांना हात धरून बसणं हवंच असतं. मॉर्फिनही हवं असतं.

मेडिकल मिशन सिस्टर्सची स्वतःची कथाही सांगण्याजोगी आहे. ॲना डेंगल ही ऑस्ट्रियन डॉक्टर १९२०च्या सुमारास रावळपिंडीत काम करत होती. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत आणि बाळंतपणात मरत. जोगिणींनी ही कामं करावीत तर चर्चच्या नियमानुसार त्यांना बाळंतपण करायला मनाई. डेंगलने १९२५मध्ये वॉशिंग्टनला संघ काढला आणि रोमकडे तगादा लावला. मनाई उठली १९३६मध्ये. तत्त्वं नेहमी वरून खाली येतात असं नाही. कधी खाटेपासून वर जातात, आणि अकरा वर्षं घेतात.

पोप दुसरे जॉन पॉल यांचं १९८१चं ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ हे पत्र नर्सिंगच्या दृष्टीने सगळ्यांत जवळचं आहे, आणि त्यामागे एक रुग्णालय आहे. जॉन पॉल तरुणपणी पोलंडमध्ये दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजूर होते. ‘रेरुम नोवारुम’ची नव्वद वर्षं गाठून १५ मे १९८१ला श्रमावरचं पत्र प्रसिद्ध करायचं त्यांनी ठरवलं होतं. १३ मे रोजी सेंट पीटर्स चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. रोमच्या जेमेल्ली रुग्णालयात पाच तासांहून जास्त शस्त्रक्रिया चालली आणि पत्र लांबणीवर पडलं. सप्टेंबरात ते निघालं, तेव्हा शेवटी त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे की, अखेरचा हात रुग्णालयातून आल्यावर फिरवता आला.

त्या पत्रात कष्टकऱ्यांची एक यादी येते: शेतमजूर, खाणकामगार, भट्टीवरचे पोलादकामगार, गवंडी. त्याच ओळीत रात्रंदिवस रोग्याच्या उशाशी थांबणारे डॉक्टर आणि नर्सेसही आहेत. लगेच पुढे बायकांचा उल्लेख आहे, ज्यांच्या कष्टांची समाज आणि कधी घरचेही दखल घेत नाहीत. ही ओळ रुग्णालयात जाण्यापूर्वी लिहिली की नंतर, ते ठरवता येत नाही. पण पोपच्या लेखी नर्स ही खाणकामगाराच्या रांगेत बसली, एवढं या यादीने केलं. जोगिणींच्या रांगेत ती आधीपासून होतीच. याच पत्रात म्हटलं आहे की, एखादी आर्थिक व्यवस्था न्यायी आहे का, हे तपासायचं असेल तर तिथे श्रमाला योग्य मोबदला मिळतो का ते पाहावं. संप हा रास्त मार्ग आहे, संप करणाऱ्यावर सूड उगवू नये. मात्र समाजाला अत्यावश्यक असलेल्या सेवा चालू राहिल्या पाहिजेत. शेवटचं वाक्य नर्सच्या संपात दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरू शकतात.

आणि वापरलंही गेलं असणार. ऑक्टोबर २०११मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या तरुण मल्याळी नर्सने आत्महत्या केली. बॉण्ड आणि अडकवून ठेवलेली सर्टिफिकेटं यांचा जाच त्यामागे होता, असं तिच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. बॉण्डची पद्धत त्या वेळी सर्रास होती: नोकरीला लागताना मूळ कागदपत्रं जमा करायची, ठरलेल्या मुदतीआधी सोडायचं तर मोठी रक्कम भरायची. कर्ज काढून शिकलेल्या मुलींना ती रक्कम कुठून आणायची कळत नसे आणि सर्टिफिकेटांशिवाय दुसरी नोकरी मिळत नसे. मुंबई, दिल्लीत नर्सेस रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी त्रिशूरमध्ये युनायटेड नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि २०११-१२मध्ये केरळातल्या खासगी रुग्णालयांमध्ये एकामागून एक संप झाले.

केरळात ख्रिस्ती संस्थांची रुग्णालयं भरपूर आहेत आणि नर्सिंगला जाणाऱ्या मुलींत ख्रिस्ती मुलींचं प्रमाण पहिल्यापासून मोठं आहे. संप झालेल्या रुग्णालयांत ट्रस्टांची होती, कंपन्यांची होती, वेगवेगळ्या धर्मांच्या मठ-संस्थांची होती, चर्चचीही होती. म्हणजे फाटकाबाहेर रविवारी मिस्साला जाणारी नर्स आणि फाटकाच्या आत मिस्सा म्हणणारा फादर-डायरेक्टर, असं चित्र काही ठिकाणी होतं. तिच्या मागण्या काय होत्या? सरकारने ठरवलेलं किमान वेतन द्या, बॉण्ड रद्द करा, ड्युटी आठ तासांची करा. ‘रेरुम नोवारुम’मध्ये जवळपास हेच आहे.

व्यवस्थापनांचं उत्तर अगदीच पोकळ नव्हतं, आणि इथेच विषय खरा गुंतागुंतीचा होतो. कॅथलिक विचारात गरिबांना अग्रक्रम देण्याचं तत्त्व आहे. साठ-सत्तरच्या दशकांत लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांनी ते ठासून मांडलं, पुढे रोमनेही उचललं. मिशन रुग्णालयं म्हणतात, आम्ही कमी पैशांत उपचार करतो. पगार वाढले की बिलं वाढणार आणि गरीब रोगी दाराबाहेर राहणार. दोन तत्त्वांची टक्कर झाली, असं वरवर दिसतं. जरा खाली पाहिलं की हिशेब वेगळा निघतो. रोग्याला मिळालेली सवलत देणगीदाराने दिली असेल तर ते दान. ती नर्सच्या पगारातून कापून दिली असेल तर दान नर्सने केलं, आणि पाटीवर नाव संस्थेचं लागलं. शिवाय ती नर्स कोण? रबराच्या चार झाडांवर घर चालवणाऱ्या बापाची मुलगी, शिक्षणकर्जाचे हप्ते फेडणारी. गरिबांना अग्रक्रम द्यायचा तर रांगेत तीही उभी आहे.

जोगिणी बिनपगारी काम करतात, हा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. जोगिणीला पगार नसतो, पण छप्पर असतं, जेवण असतं, म्हातारपणी तिच्या उशाशी बसणारा संघ असतो. घरी पैसे पाठवायचे नसतात. लग्न झालेल्या स्टाफ नर्सला यांतलं काही मिळत नाही. तिला नुसतं नाव मिळतं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ट्रेंड नर्सेस असोसिएशनच्या याचिकेवर जानेवारी २०१६मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. समितीने सुचवलं की, दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा. शंभरावर खाटा असतील तर फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. पन्नास ते शंभर खाटांना पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट. आणि पन्नासाखालच्या रुग्णालयांतही महिना किमान २०,००० रुपये मिळावेत. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली होती. केरळात २०१७च्या जुलैत पुन्हा आंदोलन पेटलं, मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी २० जुलैला बैठक घेऊन २०,००० हा किमान आकडा मान्य केला, आणि अधिसूचना निघाली ती एप्रिल २०१८मध्ये, चेरथलाहून तिरुवनंतपुरमला नर्सेसचा पायी मोर्चा निघायच्या तोंडावर. बाकी बहुतेक राज्यांत तो अहवाल अहवालच राहिला.

अमेरिकेतही ही ओढाताण आहे. तिथे रुग्णालयांच्या कित्येक मोठ्या साखळ्या कॅथलिक आहेत. २००९मध्ये तिथल्या बिशपांनी, कॅथलिक आरोग्यसंस्थांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून एक मार्गदर्शिका काढली. युनियन हवी की नको, हे नर्सेस ठरवतील, व्यवस्थापनाने दबाव आणायचा नाही आणि युनियननेही आणायचा नाही, असा तिचा सारांश. तरी जून २०२३मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात कॅथलिक रुग्णालयातल्या नर्सेसना एक दिवसाचा संप करावा लागला. मुद्दा पगारापेक्षा माणसं कमी असल्याचा होता.

या विचारातलं आणखी एक तत्त्व आहे, त्याचं नाव जड आहे. मराठीत त्याला पूरकता म्हणतात. अकराव्या पायस यांच्या १९३१च्या पत्रात ते आलं. अर्थ साधा: जे काम खालच्या पातळीवरचा माणूस नीट करू शकतो, ते वरच्याने हिसकावून घेऊ नये, वरच्याने त्याला पाठबळ द्यावं. ग्रामसभा आणि मंत्रालय यांच्यातलं भांडण आठवलं की लगेच समजतं.

नर्सिंगमध्ये याचा सगळ्यांत नामवंत साक्षीदार म्हणजे दिवंगत पोप फ्रान्सिस. १९५७मध्ये, सेमिनरीत शिकत असताना, ब्यूनॉस आयर्समध्ये त्यांना फुप्फुसाचा गंभीर संसर्ग झाला. डॉक्टर पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनचा डोस सांगून गेले. वॉर्डातल्या सिस्टर कोर्नेलिया कारालियो या इटालियन जोगिणीने डॉक्टरांची पाठ वळताच सांगितलं, डोस वाढवा. तिला पोराकडे पाहून कळलं होतं की एवढ्याने भागणार नाही. फ्रान्सिस म्हणत, तिच्यामुळे मी जगलो. २०१८मध्ये इटलीतल्या नर्सेसच्या संघटनेपुढे त्यांनी हा किस्सा तिचं नाव घेऊन सांगितला. आज कोणा नर्सने हे केलं तर चौकशी लागेल, आणि लागायलाही हवी. डोस परस्पर बदलणं धोक्याचंच. पण चौकशीत दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे: चोवीस तास रोग्याजवळ असणारीचं म्हणणं, पाच मिनिटं राउंड घेणाऱ्यापर्यंत पोहोचायला वॉर्डात वाट आहे का? आपल्याकडे राउंडला सिस्टर फाइल धरून मागे उभी असते. विचारलं तर बोलते.

पूरकतेचा मराठी मातीतला दाखला जामखेडचा आहे, आणि तो कॅथलिकांचा नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे प्रोटेस्टंट दांपत्य १९७०मध्ये जामखेडला आलं. गावोगाव आरोग्यसेवा न्यायची म्हणून त्यांनी सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाई पाठवून पाहिल्या. जमेना. बाहेरून आलेली एकटी मुलगी खेड्यात राहायची कशी, आणि गाव तिचं ऐकायचं कशाला? मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. बऱ्याचदा निरक्षर, पुष्कळदा दलित, कधी नवऱ्याने टाकलेली. तिने आठवड्याला जामखेडला यायचं, शिकायचं, परत जाऊन बाळंतपणं, हगवण, कुष्ठरोग, पोरांचं कुपोषण सांभाळायचं. यात नर्सचं काम गेलं नाही, बदललं: ती त्या बाईची शिक्षिका झाली, अडलेल्या केसला पाठीशी उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७८च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यामागे ज्या प्रयोगांचा विचार झाला, त्यांत जामखेडचं नाव घेतलं जातं. आरोळ्यांनी पूरकता हा शब्द वापरला नाही. गरजही नव्हती.

कॅथलिक विचाराची बाजू मांडताना बेळगावच्या एका घराला वगळता येत नाही. तिथली दंतवैद्य मुलगी, सविता हलप्पनवार, आयर्लंडमधल्या गॉलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर तिने गर्भपात मागितला. बाळाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने ते करता येत नाही, असं उत्तर मिळालं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. तिथल्या एका अनुभवी दाईने, म्हणजे मिडवाइफने, या देशात असं का हे समजावताना कॅथलिक परंपरेचा उल्लेख केला होता. मृत्यूच्या चौकशीत तिने ते कबूल केलं आणि खेद व्यक्त केला. रुग्णालय चर्चचं नव्हतं. कायदा मात्र चर्चच्या शिकवणीच्या सावलीत वाढलेला होता. २०१८च्या मे महिन्यात आयर्लंडने सार्वमत घेऊन तो बदलला. मानवी प्रतिष्ठेचं तत्त्व गर्भापासून लागू होतं, असं कॅथलिक शिकवण सांगते. खाटेवरच्या बाईचं काय, हा प्रश्न गॉलवेत सगळ्यांत जवळून नर्सेसनी पाहिला. निर्णय त्यांच्या हातात नव्हता, स्पष्टीकरण मात्र त्यांच्या तोंडी आलं.

नर्सेसची टंचाई आता जगभरची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि ५८ लाख कमी पडतात. श्रीमंत देश त्या गरीब देशांतून आणतात. यातही चर्चचा जुना हात आहे: साठच्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या कॅथलिक संस्थांनी केरळातून हजारो तरुण मुली नेल्या, रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत कामाला लावल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टंचाई ओसरली तशी काही राज्यांनी त्यांचे परवाने वाढवून द्यायला नकार दिला. दहा-दहा वर्षं जर्मन म्हाताऱ्यांचे बेडपॅन काढलेल्या बायकांना परत जा म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी निदर्शनं केली. कॅथलिक विचारातल्या सहभाव, म्हणजे सॉलिडॅरिटी, या तत्त्वावर त्या काळात चर्चमध्ये पुष्कळ व्याख्यानं होत होती. आता तेच जर्मनी पुन्हा केरळात नर्सेस शोधतंय.

८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या अमेरिकन पोपनी चौदावे लिओ हे नाव घेतलं. दोनच दिवसांनी त्यांनी कार्डिनलांना कारण सांगितलं: तेराव्या लिओंनी कारखान्यांच्या युगात ‘रेरुम नोवारुम’ लिहिलं, आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात श्रमाचा प्रश्न पुन्हा आला आहे.

त्यांच्या आधीचे फ्रान्सिस शेवटपर्यंत नर्सेसच्या ऋणात राहिले. २०२१च्या त्यांच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी सांगितलं, एका नर्सने माझा जीव वाचवला. दुसरे उपाय सुचवले जात असताना शस्त्रक्रियाच करा असा आग्रह त्याने धरला होता. तो नर्स म्हणजे व्हॅटिकनमधला मास्सिमिलियानो स्त्रापेत्ती. पुढच्या वर्षी पोपनी त्याला आपला खासगी आरोग्य सहायक नेमलं. २० एप्रिल २०२५च्या ईस्टरला पोपना चौकात गर्दीतून फेरी मारायची होती. मला जमेल का, असं त्यांनी त्यालाच विचारलं होतं. फेरी झाली, आणि चौकात परत आणल्याबद्दल त्यांनी त्याचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास त्यांना त्रास सुरू झाला. तासाभराने, बोलणं जमत नसताना, खाटेवरून त्यांनी त्याच्याकडे पाहून हात हलवला आणि शुद्ध हरपली. आपल्याकडच्या वॉर्डात त्याला सगळ्यांनी ब्रदर म्हटलं असतं.